भाऊसाहेब आणि सात आडव्या पर्लिनी

निवृत्तीच्या समारंभात माणसाने भाषण करू नये. फारच आग्रह झाला तर दोन शब्दांत आभार मानावेत आणि खाली बसावं. भाऊसाहेबांना हे कळत होतं, पण चौतीस वर्षं एकाच कार्यालयात, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्कच्या खुर्चीत काढल्यावर त्या दिवशी त्यांना गहिवरून आलं, आणि गहिवराच्या भरात ते माइकसमोर बोलून गेले, "माझ्या पत्नीने जन्मभर घरातल्या बोळात मशीन टाकून शिवणकाम केलं. आता मी तिला गच्चीवर स्वतंत्र खोली बांधून देणार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या पत्नीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने पर्समधून छोटी वही काढली आणि तारीख लिहून घेतली.

शिवणाच्या क्लासमुळे त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची. पुढे पुढे भाऊसाहेबसुद्धा चारचौघांत बाईच म्हणू लागले. बोळातली मशीन भाऊसाहेबांच्या शर्टांच्या खुंट्यांखाली होती. कुणाला न्हाणीघरात जायचं असलं की बाई टीप अर्धी सोडून उठायच्या, खुर्ची पोटाशी धरून भिंतीला चिकटायच्या, माणूस गेला की परत बसायच्या आणि तो बाहेर आला की परत उठायच्या. वर्ग मोठा झाल्यावर त्यांनी वाचनालयाची मागची खोली भाड्याने घेतली होती. आता वाचनालयालाच ती खोली हवी होती. महिनाअखेर दहा मशिनी आणि बारा विद्यार्थिनी उचलून न्यायच्या होत्या. 'एक तारखेपासून वर्ग नवीन जागेत' अशी पाटी बाईंनी रंगवूनही ठेवली होती. जागा झाली नाही तर वर्ग बंद, एवढं सरळ होतं ते.

गच्चीवरची शेड ही भाऊसाहेबांच्या दृष्टीने किरकोळ बाब होती. ज्या माणसाने एकट्याच्या बळावर दोन खोल्या भरून दप्तर लावलं, त्याला चार खांब आणि वर पत्रा म्हणजे काय विशेष? त्यांनी एक फाइल उघडली. फाइलवर विषय घातला, पृष्ठक्रमांक घातले आणि मगच वेल्डरला बोलावलं.

वेल्डर कमी बोलणारा माणूस होता. आयुष्यभर ठिणग्यांकडे बघून त्याचे डोळे कायम बारीक झाले होते, त्यामुळे तो समोरच्यावर संशय घेतोय असं वाटायचं. त्याने गच्ची मापली आणि सांगितलं, "दोन्ही बाजूंना एकेक जाड बीम. मध्ये अठरा फुटांचा गाळा. त्याच्यावर आडव्या सात पर्लिनी, चार-चार फुटांवर. पर्लिनींवर पत्रा."

"पर्लिन म्हणजे?" भाऊसाहेबांनी पेन सरसावून विचारलं. न समजलेला शब्द त्यांनी कधी पुढच्या पानावर जाऊ दिला नव्हता.

"पत्र्याखालची पट्टी हो. ही बघा." वेल्डरने नमुन्याचा तुकडा पुढे केला. सहा इंच उंच, दोन इंच रुंद, पातळ पत्रा दुमडून केलेली, एका बाजूने उघडी. भाऊसाहेबांनी तो तुकडा टेबलावर उभा ठेवला, बोटाने टिचकी मारली. तुकडा कलंडला. मग तो आडवा ठेवला आणि टिचकी मारली. तुकडा हलला नाही.

इथेच सगळं बिनसलं. भाऊसाहेबांच्या दप्तरखान्यात एकच कायदा चालायचा: गठ्ठे उभे ठेवायचे नाहीत. उभा गठ्ठा आज ना उद्या कलंडतो, शेजारच्याला घेऊन पडतो आणि शिपायाच्या डोक्यात बसतो. आडवा गठ्ठा मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. चौतीस वर्षांत त्यांच्या दप्तरखान्यात एकही गठ्ठा पडला नव्हता.

"पर्लिनी आडव्या टाका," भाऊसाहेब म्हणाले.

"आडव्याच असतात की."

"तसं नव्हे. निजवून टाका. रुंद बाजू वर. पत्र्याला बसायलाही ऐसपैस जागा मिळेल."

वेल्डरने डोळे आणखी बारीक केले. "साहेब, पर्लिन उभी लावतात."

"का?"

आता 'का' हा प्रश्न वेल्डरला कुणी कधी विचारला नव्हता. त्याच्या उस्तादाने उभी लावली, उस्तादाच्या उस्तादाने उभी लावली, म्हणून हाही उभी लावायचा. "लावतात," तो म्हणाला.

"कारण नमूद करता येत नसेल तर आक्षेप ग्राह्य धरता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. शिवाय समोरच्या घरातले सल्लागार तोवर येऊन पोचलेच होते. यांना सल्लागार ही पदवी गल्लीने दिली होती. पगार कुणी देत नव्हतं, तरी कामात कधी खंड नव्हता. ते लगेच म्हणाले, "अगदी बरोबर! उभं ते पडतं, आडवं ते टिकतं. माणसाचंच बघा ना, कधी कुणी झोपल्या झोपल्या पडलाय का?" वेल्डरने माप घ्यायची टेप गुंडाळली. त्याने एवढंच सांगितलं, "मग मला लिहून द्या."

लिहून द्या! भाऊसाहेबांच्या कानाला हे गाण्यासारखं लागलं. त्यांनी जागच्या जागी कागद काढून आदेश लिहिला: 'सर्व सात पर्लिनी आडव्या बसवाव्यात. उभी पर्लिन आढळल्यास काम ग्राह्य धरले जाणार नाही.' खाली सही, तारीख, वेळ. वेल्डरने कागदाची चौपदरी घडी करून खिशात ठेवली आणि कामाला लागला.

त्या आठवड्यात बाईंच्या वर्गातल्या बायका नवी जागा बघायला आल्या. त्यांच्यात शेवटच्या मशिनीवर बसणारी एक चष्मेवाली होती. तिला वर्गात 'वाकडी टीप' म्हणत, आणि ती स्वतःही त्या नावाला ओ द्यायची. कुठल्याशा आराखड्याच्या ऑफिसात ती कामाला होती. सहा महिने झाले तरी तिच्या हातून उशीचा एक अभ्रा सरळ निघाला नव्हता. एका टोकाला निघालेली टीप दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिन्ही लोक हिंडून यायची. ती मान वर करून पर्लिनींकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, या पर्लिनी अशा का…"

"तुम्ही तुमची टीप सरळ घाला, लोखंडाचं आम्ही बघतो," भाऊसाहेब म्हणाले. बायका हसल्या, वाकडी टीपही हसली. पण ती परत एकदा वर बघून गेली.

रात्री जेवताना बाई म्हणाल्या, "अहो, ती काहीतरी सांगत होती. ऐकून तरी घ्यायचं होतं. तिचं ऑफिस लोखंडाच्या शेडचंच काम करतं म्हणे."

"टाइप करत असेल," भाऊसाहेब म्हणाले आणि आमटी वाढायला सांगितली.

पत्रे चढले त्या दिवशी भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर गेले. निळे पत्रे उन्हात झळकत होते. त्यांनी डोळे भरून वर पाहिलं, मग डोळे चोळून पाहिलं. पर्लिनी मध्यावर खाली आल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या दीड इंच. वर कुणी उभं नव्हतं, वारा नव्हता, नुसता पत्र्याचा आणि स्वतःचा भार. तरी सातही जणी पोट सुटल्यासारख्या खाली लोंबत होत्या. आणि सातही अगदी एकसारख्या, कारण आदेशच तसा होता.

"लोखंड नवीन आहे. बसतंय अजून," भाऊसाहेब म्हणाले.

"बसलंय की," वेल्डर म्हणाला आणि खिशावर हात ठेवून खात्री करून घेतली की कागद आहे.

आता गल्लीत कुणाच्या घराला तडा गेला तर चार दिवस बोलतात. पण निवृत्त हेडक्लार्कच्या छताला बाक आला म्हणजे महिनाभराची सोय. दूधवाला खालूनच मान वाकडी करून बघायचा. एक म्हणाला, डिझाइनच असेल, हल्ली असंच असतं. दुसरा म्हणाला, मधोमध एक खांब द्या. म्हणजे नेमका कापण्याच्या टेबलातून! तिसऱ्याने सुचवलं की पत्रे उलटे लावून बघा, बाक वर जाईल. भाऊसाहेब सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "विचाराधीन आहे."

सल्लागारांची गोष्ट वेगळी होती. त्यांना त्या छतावर आपली पाण्याची जादा टाकी ठेवायची होती. "तुमचं छत एवढं मोठं, रिकामंच पडलंय. आणि आडव्या पर्लिनींचा सल्ला माझाच ना? मग टाकीचा हक्क माझा." भाऊसाहेबांनी नकार दिला. आयुष्यात इतक्या मनापासून नकार त्यांनी आधी एकदाच दिला होता, बदलीच्या हुकुमाला. सल्लागार काही न बोलता निघून गेले, आणि सल्लागार काही न बोलता गेले म्हणजे ते लिहायला बसले असणार हे गल्लीतलं पोरदेखील सांगेल.

चौथ्या दिवशी बांधकाम खात्याची नोटीस आली. 'आपल्या गच्चीवरील शेड वाकलेली असून नागरिकांच्या जिवास धोका असल्याची सूचना एका जागरूक नागरिकाकडून प्राप्त झाली आहे. पंधरा दिवसांत मजबुतीचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा शेड उतरवण्यात येईल.' पंधरा दिवस मोजले तर शेवटचा दिवस येत होता एक तारखेचा. वर्ग सुरू व्हायचा तोच दिवस.

भाऊसाहेब ताठ मानेने खात्यात गेले. खिडकीमागे बघतात तो त्यांचाच शिष्य! कार्यालयात असताना या पोराला त्यांनी टिपणी कशी लिहायची, त्रुटी कशी काढायची, एका वेळी एकच त्रुटी काढून माणसाला चार वेळा कसं बोलवायचं, हे सगळं पोटच्या मुलासारखं शिकवलं होतं. नंतर तो बदली होऊन इकडे आला होता.

"सर! या, या!" शिष्य उठून उभा राहिला. खुर्ची दिली, चहा मागवला. मग अतिशय आदराने म्हणाला, "प्रमाणपत्र जोडलेलं दिसत नाही."

"अरे, पण शेड माझी आहे. मी सांगतो ना, मजबूत आहे."

"सर, 'सांगण्यावर जाऊ नये, कागदावर जावं.' तुमचंच वाक्य. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय." त्याने खरोखरच काचेकडे बोट दाखवलं. तिथे भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात ते वाक्य होतं, खाली सहीसकट. भाऊसाहेबांनी चहा अर्धा टाकला आणि निघाले. आपल्याच हाताने लावलेल्या झाडाचा काटा पायात गेल्यावर कुणाच्या नावाने ओरडायचं?

घरी आले तेव्हा बाई बोळात बसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी जुन्या मशिनीवरचं फडकं काढलं होतं आणि चाकाला तेल घालत होत्या.

"हे काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, लागलीच गरज तर चालू स्थितीत असलेलं बरं." बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. चार जणींना इथे शिकवता येईल आळीपाळीने. बोळ आहे की अजून."

बाई भांडल्या असत्या तर भाऊसाहेबांनी तोंड दिलं असतं. भांडणाला त्यांच्याकडे उत्तरं तयार असायची. पण हे 'बोळ आहे की अजून' त्यांच्या छातीत रुतलं. बत्तीस वर्षांत त्यांनी त्या बोळातून किती वेळा ये-जा केली असेल, आणि प्रत्येक वेळी ही बाई खुर्ची पोटाशी धरून उभी राहिली असेल. ते न्हाणीघरात जाऊन उगाच हात धुऊन आले. येताना बाई उठल्याच, सवयीने. भाऊसाहेबांना अतिशय लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेले. दहा मशिनींची खडखड एकदम थांबली. भाऊसाहेब सरळ शेवटच्या मशिनीपाशी गेले. वाकडी टीप नेहमीप्रमाणे अभ्र्याची टीप उसवत बसली होती.

"मला जरा," भाऊसाहेब म्हणाले आणि अडले. विचारायची सवय नव्हती. शेवटी त्यांनी खिशातून कागद काढून तिच्यासमोर ठेवला. 'विषय: पर्लिनींबाबत मत मिळणेबाबत.'

तिने तो गंभीरपणे वाचला. मग बाईंची लाकडी फूटपट्टी उचलली, दोन खोक्यांवर पूल केल्यासारखी आडवी ठेवली आणि कापड कापायची जड कात्री मध्यावर ठेवली. पट्टी धनुष्यासारखी खाली वाकली.

"ही तुमची पर्लिन," ती म्हणाली.

मग तिने तीच पट्टी कडेवर उभी धरली आणि कात्री तिच्या पाठीवर टांगली. पट्टी तसूभरही हलली नाही. "लाकूड तेच, वजन तेच. वाकायला किती कठीण ते उंचीवर ठरतं. वाकताना वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते. त्या दोघी एकमेकींपासून जितक्या लांब, तितका जोर जास्त. तुमची सहा इंचांची पर्लिन निजवलीत, दोनच इंच उंची उरली. उभी केली तर वाकायला जवळजवळ दहापट कठीण होईल."

भाऊसाहेब पट्टीकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी अशाच पट्टीने रकाने आखले होते. ती हजार वेळा वाकवून टेबलावर टपटप वाजवली होती. नेहमी चपट्या बाजूनेच वाकायची. कडेने कधी वाकली नव्हती. आयुष्यभर उत्तर हातात होतं आणि आपण त्याने समास पाडत होतो!

पण हेडक्लार्क तो हेडक्लार्क. "माझा एक आक्षेप आहे," ते म्हणाले. "सोडा ती पट्टी."

तिने हात सोडला. उभी पट्टी कात्रीसकट धाडकन कलंडली.

"बघा!" भाऊसाहेबांचा आवाज चढला. "उभं ते पडतं!"

वाकडी टीप हसली नाही. उलट तिचे डोळे चमकले. "अगदी खरं आहे. तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे, भाऊसाहेब. उभी पर्लिन कलंडते, पिळवटते. आमच्याकडे नवीन आलेले इंजिनियर हेच विसरतात. फक्त तुमचा उपाय चुकला. तिला निजवायचं नाही, धरून ठेवायचं. दोन्ही टोकांना बीमवर पर्लिनीला बाजूने धरणारे लोखंडी कान वेल्ड करायचे, आणि मधोमध सातही पर्लिनींतून एक सळई ओवून घ्यायची. मग एकीला कलंडायचं म्हटलं तर बाकीच्या सहा जणी धरतात."

"म्हणजे धावदोरा घालायचा!" मागून बाई म्हणाल्या.

"अगदी तेच, बाई."

भाऊसाहेबांना फार दिवसांनी बरं वाटलं. 'तुमची भीती बरोबर आहे' असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. लोक नुसते भ्यायचे त्यांना. "पण मग प्रमाणपत्र?" त्यांनी चाचरत विचारलं. "त्याला परवानाधारक इंजिनियरची सही लागते. शिक्का लागतो."

वाकड्या टिपेने पिशवीत हात घातला. दोऱ्याची रिळं, अंगुस्तान, उसवणीचं हत्यार असं एकेक बाहेर आलं आणि शेवटी एक गोल शिक्का. तिने तो अभ्र्याला पुसून टेबलावर ठेवला. भाऊसाहेब नकळत उभे राहिले. शिक्क्यासमोर बसून राहण्याचे संस्कार त्यांच्यावर नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी वेल्डरला दुसरा कागद दिला. तो लिहायला त्यांना तीन तास लागले, कारण असा मजकूर त्यांच्या हातून आधी उतरलाच नव्हता. 'पूर्वीचा आदेश रद्द. पर्लिनी उभ्या कराव्यात. चूक वेल्डरची नसून माझी आहे.' खाली सही. वेल्डरने तो सावकाश वाचला, मग पहिला कागद खिशातून काढून परत दिला आणि दुसरा मात्र स्वतःकडे ठेवला. "हा फ्रेम करतो," तो म्हणाला. भाऊसाहेबांनी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

पाच दिवसांत पत्रे उतरले, पर्लिनी उभ्या राहिल्या, कान लागले, धावदोऱ्याची सळई ओवली गेली आणि पत्रे परत चढले. छत सरळ झालं. गल्लीचा जरा विरसच झाला. भाऊसाहेब प्रमाणपत्र घेऊन शिष्याकडे धावले.

शिष्याने ते उलटसुलट पाहिलं. "उत्तम. आता भारचाचणीचा अहवाल."

"तो मागच्या वेळी का नाही सांगितलास?"

"सर, एका वेळी एकच त्रुटी," शिष्य खाली बघून म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण विद्या ती विद्या. "छतावर दुरुस्तीला माणूस चढतो, तेवढा भार एका पर्लिनीच्या मध्यावर ठेवायचा आणि ती किती वाकते ते मोजायचं. भार मात्र प्रमाणित हवा. वाळूची गोणी आणलीत तर तिचा वजनाचा दाखला लागेल. तो वजनमापे खात्यातून. तिथे सध्या तीन आठवडे लागतात."

एक तारीख चार दिवसांवर होती. भाऊसाहेब खुर्चीत खचले. त्यांनी फाइल उघडली, निव्वळ सवयीने, आणि पानं उलटू लागले. बांधकामाच्या फाइलीत त्यांनी ओळखीचा पुरावा म्हणून स्वतःच्या निवृत्तीची कागदपत्रं जोडली होती. त्यातल्या एका पानाशी त्यांचा हात थांबला. वैद्यकीय मंडळाचा दाखला. 'वजन: चौऱ्याहत्तर किलो.' सही, शिक्का, जावक क्रमांक.

"हा भार चालेल?" त्यांनी विचारलं.

शिष्याने दाखला पाहिला, भाऊसाहेबांना पाहिलं, नियमावली काढली. "भार म्हणून मनुष्य चालेल असं यात कुठे लिहिलेलं नाही."

"चालणार नाही असंही लिहिलेलं नाही."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं."

"हे निवृत्तीच्या वेळी शिकवतात," भाऊसाहेब म्हणाले. "दाखला सहा महिने चालतो. एक तारखेपर्यंत वैध आहे."

पुढचे चार दिवस बाईंनी त्यांना मोजून जेवायला घातलं. प्रमाणित वजनात फरक पडून चालणार नव्हतं. सल्लागारांनी खिडकीतून दोन पोळ्या जास्त खायचा सल्ला दिला, पण तो कुणी मनावर घेतला नाही.

एक तारखेला सकाळी दहा वाजता गच्चीवर सगळे जमले. दहाही मशिनी लावून झाल्या होत्या. बारा विद्यार्थिनी भिंतीकडेने उभ्या होत्या. शिष्य रजिस्टर घेऊन आला होता. मधल्या पर्लिनीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बाईंनी वाक मोजायला पांढरा दोरा ताणून बांधला होता. भाऊसाहेब वेल्डरची शिडी चढून पत्र्यावर गेले, ठरलेल्या जागी हळूहळू सरकत मध्यावर बसले आणि डोळे मिटले. खाली जन्माची सोबतीण, वर आपण, आणि मध्ये सहा इंचांचं लोखंड.

"काय झालं?" त्यांनी वरून विचारलं. "वाकली का?"

"वाकली," खालून वाकडी टीप म्हणाली. "दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे नापास?"

"छे! दहा सुतांपर्यंत चालतं. भाऊसाहेब, न वाकणारं लोखंड नसतंच. आता टोकाला सरका. वाकून परत सरळ होते की नाही, तेच तर बघायचंय."

'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य भाऊसाहेबांनी कार्यालयात चौतीस वर्षं ऐकवलं होतं. आता ते टोकाला सरकले, जिथे खाली बीम होता. खाली वाकड्या टिपेने पट्टी दोऱ्याला लावली.  मग बाईंचा आवाज आला, "अहो, सरळ झाली! होती तशी झाली!"

एकच गलका उठला. शिष्याने रजिस्टरात वाकड्या टिपेची सही घेतली, शिक्का मारला, पुढच्या तपासणीसाठी पळाला. वेल्डरला दुसरं काम होतं. त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि तोही गेला. पाटी लागली. बाईंनी खुर्ची ओढली, टाळी वाजवली आणि वर्ग सुरू झाला.

वर बसलेला प्रमाणित भार उतरवायचा राहिला हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

भाऊसाहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. खाली एक मशीन सुरू झाली, मग दुसरी, मग दहाही. ती थरथर पत्र्यातून त्यांच्या मांडीपर्यंत पोचत होती. मधूनच बाईंचा आवाज येत होता, बोळात कधी नव्हता इतका मोकळा. इकडून तिकडे जात होता, लांब जाऊन परत येत होता. या खोलीत बाईंना कुणासाठीही उठून भिंतीला चिकटायचं नव्हतं. भाऊसाहेबांना खूप बरं वाटलं. नीट ऐकू यावं म्हणून ते हळूच सरकत मध्यावर गेले.

खाली मशिनी थांबल्या. दोरा अजून सोडलेला नव्हता.

"अहो," बाई छताकडे बघून म्हणाल्या, "वर आहात होय? दोन सूत वाकलीय."

"शिडी गेली," भाऊसाहेब वरून म्हणाले. "तुमचं चालू द्या. मी बसतो इथेच."

खाली बायका हसायला लागल्या. बाईही हसल्या असाव्यात, कारण त्यांना बोलायला जरा वेळ लागला. "बसा मग," त्या म्हणाल्या, "पण मध्यावरच बसा. म्हणजे मला खालून कळेल, तुम्ही आहात ते."

आणि दहा मशिनी परत सुरू झाल्या.